रांगणारा संत आणि पुढे बसलेली माता

दर वर्षी सप्टेंबर महिना उजाडला, की दोन सण आमच्या मनात शेजारी शेजारी येऊन उभे राहतात. ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा जन्मोत्सव. त्यापाठोपाठ बांद्र्याच्या मोतमाऊलीची जत्रा. आमच्या धर्मग्रामातून कितीतरी भाविक नवस फेडायला निघतात. काही अनवाणी जातात. त्याच आठवड्यात १३ सप्टेंबरला संत जॉन क्रिसोस्तोमचा सण येतो. तो कधी आला आणि कधी गेला, हे वेदीवर उभ्या असलेल्या धर्मगुरूखेरीज फारसे कोणाला कळतही नाही. प्रवचनकारांचा हा आश्रयदाता संत. १९०८ साली पोप दहावे पायस यांनी त्याला तो मान दिला. आम्ही आजवर ज्या काही बऱ्यावाईट प्रवचनांनी धर्मग्रामस्थांची परीक्षा पाहिली, त्या सर्वांचा भार त्याच्या खांद्यावर आहे. म्हणून त्याच्याविषयी चार शब्द लिहिणे हे आमचे ऋणच होय.

परंतु आज लिहावयाचे आहे ते त्याच्या प्रवचनांविषयी नव्हे, तर त्याच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या एका चित्राविषयी. सेमिनरीत असताना ग्रंथालयातील एका जाडजूड चित्रसंग्रहात ते आम्हांला प्रथम दिसले. विद्यार्थिदशेतील उत्सुकतेने आम्ही पान उलटले आणि थबकलो. खडकांच्या कपारीत एक विवस्त्र स्त्री बसली आहे, तिच्या मांडीवर बाळ आहे, ती त्याला पाजते आहे. खाली नाव मात्र 'संत जॉन क्रिसोस्तोमचे प्रायश्चित्त'! संत कोठे आहे? आम्ही शोधू लागलो. मागे, दूरवर, खडकांच्या पलीकडे, बोटाच्या पेराएवढी एक आकृती हात आणि गुडघे टेकून जनावरासारखी रांगत होती. तोच तो. एवढ्यात आमचे वृद्ध गुरुजी मागे येऊन उभे राहिले. ते रागावले नाहीत. "ही गोष्ट खोटी आहे. पान उलटा," एवढेच म्हणाले. आम्ही पान उलटले. तथापि ते चित्र मनातून काही उलटले गेले नाही. आज पन्नाशी ओलांडल्यावर, गुरुजींची क्षमा मागून, आम्ही ते पान पुन्हा उघडत आहोत.

चित्रकार आहे आल्ब्रेख्ट ड्यूरर. जन्म २१ मे १४७१, जर्मनीतील न्यूरेंबर्ग या व्यापारी शहरी. मृत्यू तेथेच, ६ एप्रिल १५२८ रोजी. बाप सोनार. आईने, बार्बराने, अठरा लेकरांना जन्म दिला. त्यांतील अवघी तीन मोठेपणापर्यंत जगली. मुलाने आधी बापाच्या दुकानात धातूवर कोरणी चालविण्याचे शिक्षण घेतले, मग १४८६ पासून मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराकडे उमेदवारी केली. १४९४ साली आग्नेस फ्रायशी त्याचा विवाह झाला आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत तो इटलीला गेला. तेथून परतून १४९५ च्या सुमारास त्याने स्वतःची कार्यशाळा थाटली. आमचे चित्र त्यानंतरचे, म्हणजे १४९६ च्या आसपासचे. चित्रकाराचे वय तेव्हा पंचविशीचे.

हे चित्र म्हणजे रंगांत काढलेली तसबीर नव्हे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर उमटविलेला तो छाप आहे. गुळगुळीत पत्र्यावर पोलादी कोरणीने रेषा खणायच्या. वळणदार रेषा हवी असेल, तर हात स्थिर ठेवून पत्राच फिरवायचा. मग त्या चरांत शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्राखालून काढायचे. चरात राहिलेली शाई तेवढी कागदावर येते, आणि तीही उलटी: डावे ते उजवे, उजवे ते डावे. कोरलेली रेषा सहजासहजी मिटविता येत नाही. चुकीची रेषा घासून पत्रा पुन्हा सपाट करण्याचे काम मोठे जिकिरीचे. आमच्या चित्राचा आकार केवळ १८ सेंटिमीटर उंच व १२ सेंटिमीटर रुंद एवढाच, म्हणजे आपल्या प्रार्थनापुस्तकाच्या पानासारखा. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघत, म्हणून ही चित्रे राजवाड्यांपुरती उरली नाहीत. ती साध्या गृहस्थांच्या घरी पोहोचली. ड्यूररची पत्नी फ्रांकफुर्टच्या जत्रेत आणि त्याची आई न्यूरेंबर्गच्या उत्सवात ती विकण्यास बसत असे. अठरा लेकरांना जन्म देणारी ती माता आपल्या मुलाची चित्रे मांडून बसली आहे, हे दृश्य वाचकांनी मनात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होईल.

आता ती कथा. जॉन नावाचा एक तरुण तपस्वी रानातील गुहेत एकटा राहत असे. सम्राटाची कन्या वाट चुकून त्याच्या दारी आली. त्याने तिला आसरा दिला. पण त्याचा संयम ढळला आणि दोघांच्या हातून पाप घडले. पापानंतर त्याला भीती वाटली. ही स्त्री येथे राहिली, तर पुन्हा पाप होईल, अशा विचाराने त्याने तिला कड्यावरून खाली लोटले. मग मात्र त्याला आपल्या कृत्याची घोरता कळली. क्षमेसाठी तो भटकला; परंतु कोठेही त्याच्या मनाला शांती मिळेना. शेवटी त्याने शपथ वाहिली, की तान्ह्या बाळाच्या मुखातून क्षमेचा शब्द ऐकेपर्यंत आपण ताठ उभे राहणार नाही, आकाशाकडे पाहणार नाही, पशूप्रमाणे चार पायांवर चालू. वर्षे लोटली. अंगावर केस वाढले. शिकाऱ्यांनी त्याला कोणते तरी विचित्र श्वापद समजून धरून आणले. तेव्हा सम्राटाच्या घरच्या नवजात बाळाने तोंड उघडून त्याला सांगितले, की ऊठ, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. पुढे ती राजकन्याही कड्याखाली जिवंत सापडली, आणि कथेच्या काही रूपांत तिच्याजवळ तिचे मूलही होते.

मध्ययुगात ही कथा जर्मनीत आणि इटलीत घरोघर ठाऊक होती. १४८८ साली न्यूरेंबर्गच्या आन्टोन कोबर्गर याने संतचरित्रांचा जो सचित्र जर्मन ग्रंथ छापला, त्यात ती आहे. आणि हा कोबर्गर म्हणजे खुद्द ड्यूररचा धर्मपिता! तेव्हा ती कथा आमच्या चित्रकाराच्या कानी कशी पडली, याचा फार शोध घेण्याचे कारण नाही.

गुरुजींचे म्हणणे अक्षरशः खरे होते: ही गोष्ट खोटी आहे. कोणा अनामिक तपस्व्याची लोककथा जॉन या नावाच्या आधाराने एका महान धर्मपंडिताला चिकटली. तेराव्या शतकात याकोबुस द वोराजिने याने संतचरित्रांचा जो विख्यात लॅटिन संग्रह केला, त्यातील क्रिसोस्तोमच्या चरित्रातही या पापाचा मागमूस नाही. अशा कथांनी ख्रिस्तसभेचे केवढे नुकसान झाले, हेही सांगितले पाहिजे. १५३७ साली मार्टिन लूथरने हीच कथा उपहासात्मक टिपा जोडून छापली. जर्मन भाषेत संतकथेच्या शब्दाचे एकच अक्षर फिरविले, की त्याचा अर्थ 'खोटी गोष्ट' असा होतो. त्याने तेच शीर्षक दिले. लूथरच्या अनेक मतांशी आमचा मतभेद आहे. पण या एका कथेपुरते त्याचे बोट बरोबर जागी पडले होते, हे प्रामाणिकपणे कबूल करावयास हवे. श्रद्धेच्या घरात खोट्या विटा बसविल्या, की घर पाडणाऱ्याचे काम सोपे होते.

मग खरा क्रिसोस्तोम कोण? त्याचा जन्म चौथ्या शतकाच्या मध्यास अंत्युखिया नगरीत झाला. शुभवर्तमानाच्या अनुयायांना 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम मिळाले, तीच ही नगरी. बाप सेनेत अधिकारी. तो लवकर वारला. आई अँथुसा विसाव्या वर्षी विधवा झाली आणि तिने पुनर्विवाह न करता मुलाला वाढविले, शिकविले. तरुणपणी जॉनला विरक्त जीवनाची ओढ लागली, तेव्हा या आईने त्याला हात धरून आतल्या खोलीत नेले, ज्या पलंगावर त्याला जन्म दिला होता त्याच्याशेजारी बसविले, आणि आपल्याला दुसऱ्यांदा वैधव्य देऊ नकोस, मी डोळे मिटेपर्यंत थांब, अशी विनवणी केली. हा प्रसंग दुसऱ्या कोणी रचलेला नाही. जॉनने स्वतःच 'याजकपदाविषयी' या ग्रंथात तो नोंदविला आहे. पुढे तो डोंगरात गेला: चार वर्षे एका वृद्ध तपस्व्यापाशी, दोन वर्षे गुहेत एकटा. तेथे त्याने देहाला इतके कष्टविले, की थंडीने व उपासाने प्रकृती कायमची खालावली आणि त्याला शहरात परतावे लागले. ३८६ साली त्याला याजकदीक्षा मिळाली; ३९८ साली तो कॉन्स्टॅन्टिनोपलचा धर्माध्यक्ष झाला. त्याच्या वाणीमुळे लोकांनी त्याला 'सुवर्णमुख' म्हटले. क्रिसोस्तोम या ग्रीक शब्दाचा अर्थ तोच. श्रीमंतांच्या चैनीवर आणि दरबाराच्या थाटावर त्याने टीका केली, सम्राज्ञी युडोक्सियेचा रोष ओढवून घेतला, दोनदा हद्दपारी भोगली आणि १४ सप्टेंबर ४०७ रोजी पायपिटीने थकून कोमाना येथे देह ठेवला.

या चरित्रात गुहा आहे, तप आहे, आई आहे. नाही ती फक्त राजकन्या आणि नाही तो कडा. तेव्हा चित्राखालचे नाव इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, हे आधीच स्पष्ट सांगून आम्ही चित्राकडे वळतो. ज्यांना हे चित्र घरी किंवा शाळेत दाखवायचे असेल, त्यांनीही आधी एवढे सांगावे आणि मगच दाखवावे.

चित्रात आमचे डोळे सर्वप्रथम जेथे जातात, तेथे संत नाही. तेथे ती माता आहे. ड्यूररने तिला मध्यभागी, पुढे आणि मोठी काढली आहे. तिच्या भोवती खडक एखाद्या कोनाड्यासारखे उभे आहेत. खडकांच्या खडबडीत, तुटक रेषा आणि तिच्या अंगावरील मऊ, गोलाकार रेषा यांतला फरक इतका स्पष्ट आहे, की केवळ काळ्या शाईत दगडाचा थंडपणा आणि देहाची ऊब दोन्ही जाणवतात. ड्यूरर नुकताच इटलीहून आला होता. मानवी देह न लाजता, न बिचकता, ईश्वराची निर्मिती म्हणून पाहण्याचे शिक्षण त्याला तेथे मिळाले होते. आमच्या काही वाचकांना तिची विवस्त्रता खटकेल. सेमिनरीत आम्हांलाही ती खटकली होती. आता आम्हांला वाटते, की या स्त्रीच्या अंगावर वस्त्र नाही, ते कोणी ओढून घेतले आहे म्हणून. ज्याने तिला कड्यावरून लोटले, त्याने तिच्याजवळ काहीच ठेवले नाही. तिच्याजवळ उरले ते दूध आणि मूल.

आणि तिची बैठक पाहा. बाळाला पाजणाऱ्या पवित्र मरियेची चित्रे त्या काळी युरोपभर होती. ड्यूररचे गिऱ्हाईक अशा चित्रांना सरावलेले होते. तीच ती बैठक, तेच ते झुकणे. चित्रकाराने एका कलंकित समजल्या गेलेल्या स्त्रीला जवळजवळ मरियेच्या आसनावर बसविले आहे. हे धाडस आहे. पण ते अनादराचे नाही, असे आमचे मत आहे. कोणतीही आई आपल्या लेकराला पाजीत असता, तिने ते लेकरू कोणत्या परिस्थितीत मिळविले याचा हिशेब मरिया मागणार नाही.

आता मागे पाहा. संत रांगतो आहे. तो इतका लहान आहे, की चित्र हातात घेऊन जवळून पाहिल्याविना तो दिसणारही नाही. येथे एक तुलना करण्यासारखी आहे. याच सुमारास, म्हणजे १४९६ च्या आसपास, ड्यूररने प्रायश्चित्ताची आणखी दोन ताम्रचित्रे कोरली. एकात संत जेरोम रानात गुडघे टेकून बसला आहे. हातात छाती बडविण्यासाठी दगड, पुढे क्रूस, जवळ सिंह. दुसऱ्यात उधळ्या पुत्र एका जर्मन खेड्याच्या अंगणात डुकरांच्या मधोमध हात जोडून गुडघ्यांवर आहे; त्यातील गवताच्या छपरांच्या झोपड्यांची इटलीच्या वासारीनेही वाखाणणी केली आहे. या दोन्ही चित्रांत पश्चात्तापी मनुष्य पुढे आहे. त्याचा चेहरा, त्याचे हात, त्याची वेदना आपण पाहू शकतो. जेरोमचे पाप त्याच्या अंतःकरणातले. तेथे तो आणि क्रूस यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही. उधळ्या पुत्राने बापाचे मन दुखविले. तो उठून बापाकडे जाणार आहे, हे पाहणाऱ्याला शुभवर्तमानावरून ठाऊक आहे. तिसऱ्या चित्रात मात्र पश्चात्तापी मनुष्य मागे ढकलला गेला आणि जिच्याविरुद्ध पाप घडले ती पुढे आली.

हा बदल केवळ रचनेच्या सोयीसाठी झाला असेल काय? टीकाकार असे म्हणू शकेल, आणि त्यात तथ्यही आहे, की तरुण चित्रकाराला विवस्त्र स्त्रीदेह कोरून दाखवावयाचा होता. संताची कथा हे निमित्त झाले, धार्मिक नाव असले म्हणजे चित्र खपते. आमच्या मते हे चित्राचे खरे दुबळेपण आहे. संताची आकृती इतकी लहान आहे, की त्याच्या दुःखाचा आपल्याला स्पर्शच होत नाही. तो जवळजवळ कथेची खूण म्हणून तेथे आहे. ज्याला कथा माहीत नाही, त्याला चित्र कळणार नाही, आणि जे चित्र बाहेरच्या कथेवाचून उभे राहत नाही ते थोडे लंगडेच. १५०९ साली लुकास क्रानाखने हाच विषय घेतला, तेव्हा त्याने घनदाट रान आणि हरणे यांची एवढी दाटी केली, की प्रायश्चित्त पार हरवून गेले. उरली ती रानातली शोभा. ड्यूररच्या मार्गाने गेले, की हा धोका असतोच.

तथापि कलाकृती पुष्कळदा कलाकाराच्या हेतूपेक्षा शहाणी निघते. ड्यूररच्या मनात काहीही असो, पत्र्यावर जे उतरले ते असे आहे: एक पुरुष देवाची क्षमा मिळविण्यासाठी दूर कोठे तरी मातीत गुडघे घाशीत आहे, आणि ज्या स्त्रीचा त्याने घात केला, ती येथे, आपल्या पुढ्यात, त्याचे मूल पाजीत आहे. त्याला तिची खबर नाही. तिचे त्याच्याकडे लक्ष नाही. तिला सवडच नाही. दोघांमध्ये खडक उभा आहे. कथेतील बोलणारे बाळ वेगळे, सम्राटाच्या घरचे; परंतु चित्रात एकच बाळ आहे, आणि त्याचे तोंड आईच्या स्तनाला लागलेले आहे. ज्या तोंडून क्षमेचा शब्द यावयाचा, ते तोंड भुकेले आहे. त्याला आधी दूध हवे.

येथे आमच्या पिढीतील मराठी वाचकाला एक दुसरे चित्र आठवल्यावाचून राहणार नाही. राजा रविवर्म्याच्या मुंबईतील छापखान्यातून १८९४ साली जी पहिली चित्रे बाहेर पडली, त्यांत 'शकुंतलाजन्म' हे होते. मेनका बाळ पुढे करून उभी आहे आणि विश्वामित्राने हात वर करून तोंड फिरविले आहे. धर्म वेगळा, देश वेगळा, काळ चारशे वर्षांनी वेगळा. पण तेही छापाचेच चित्र, घरोघरच्या भिंतींवर गेलेले, आणि त्यातही तपस्वी, स्त्री व मूल हेच तिघे. दोन चित्रांत फरक एवढाच, की विश्वामित्र उभा राहून तोंड फिरवितो आणि जॉन रांगत दूर जातो. पाठ दोघांचीही मुलाकडे आहे. आपली तपश्चर्या बिघडली याचे दुःख मोठे, की एक जीव जगात आला याची जबाबदारी मोठी, हा प्रश्न दोन्ही चित्रे विचारतात.

हा प्रश्न आम्हांला पुस्तकात प्रथम दिसला असला, तरी कळला तो बऱ्याच वर्षांनी. पापनिवेदनात ऐकलेले अक्षरही धर्मगुरूच्या ओठांवर येत नाही, येता कामा नये. ही हकिगत तेथील नाही. धर्मग्रामगृहाच्या व्हरांड्यात, दिवसाउजेडी झालेल्या बोलण्यातली आहे, आणि ज्यांची आहे त्यांना आता ओळखता येऊ नये, एवढी वर्षे लोटली आहेत. आम्ही तेव्हा दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथील एका गृहस्थाने दारूपायी घर धुळीस मिळविले होते. एके वर्षी उपवासकाळात त्याला उपरती झाली. त्याने दारू सोडली, रोज ख्रिस्तयागाला येऊ लागला, सप्टेंबरात मोतमाऊलीला अनवाणी गेला, परतला तेव्हा तळपायांना फोड आले होते. आम्हांला फार आनंद झाला. एका रविवारी प्रवचनात, त्याचे नाव न घेता, आम्ही या बदलाचे कौतुकही केले. गावाला अर्थातच कळायचे ते कळले. ख्रिस्तयाग संपल्यावर त्याची पत्नी व्हरांड्यात आली. ती भांडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "फादर, ह्यांनी देवाची माफी मागितली, मोतमाऊलीची मागितली. आमची कधी मागायची? मुलीची शाळा मोडली, ती ह्यांच्या पायांच्या फोडांनी परत सुरू व्हायची आहे का?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. सेमिनरीत प्रायश्चित्ताचे शास्त्र आम्ही शिकलो होतो: त्रेंतच्या परिषदेने १५५१ साली सांगितलेले पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई हे तीन भाग आम्हांला तोंडपाठ होते. परंतु भरपाई म्हणजे देवाला द्यावयाचे काही तरी, एवढाच अर्थ आम्ही नकळत धरला होता. तीन प्रार्थना, एक उपास, एक यात्रा. त्या सायंकाळी, कशामुळे कोण जाणे, ग्रंथालयातील ते पान आठवले. मागे रांगणारा मनुष्य आणि पुढे बसलेली स्त्री. आम्ही प्रवचनात मागच्याचे कौतुक केले होते. पुढे बसलेली आम्हांला दिसलीच नव्हती. आम्ही ते चित्र उलटे पाहिले होते.

जक्कयाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रभू त्याच्या घरी आला, तेव्हा त्याने ना छाती बडविली, ना राख फासली. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले. आणि त्या घराला तारण मिळाले. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनेही हेच शिकविले, की पापाने ख्रिस्तसभेला जखम होते, म्हणून प्रायश्चित्त संस्कारात देवाशी आणि ख्रिस्तसभेशी, दोघांशीही समेट होतो. ती ख्रिस्तसभा म्हणजे रोमला दूर असलेली इमारत नव्हे. चुलीपाशी बसलेली बायको आणि शाळेच्या दारातून परतलेली मुलगी हीही ख्रिस्तसभाच होय.

आणि खुद्द क्रिसोस्तोम काय सांगतो? एका प्रवचनात त्याने पश्चात्तापाचे पाच मार्ग मोजून दाखविले आहेत: आपल्या पापांचा स्वतःच निषेध करणे, शेजाऱ्याच्या अपराधांची क्षमा करणे, कळकळीची प्रार्थना, दानधर्म आणि नम्रता. या पाचांत चार पायांवर रांगणे नाही. दुसऱ्या एका प्रवचनात तो श्रोत्यांना बजावतो, की मंदिरात ख्रिस्ताला रेशमाने सजवू नका आणि बाहेर थंडीने कुडकुडणाऱ्या उघड्या ख्रिस्ताला विसरू नका. ज्याने आपल्या तरुणपणी गुहेत देह झिजविला, त्याने शहरात परतल्यावर शिकविले ते हे. दैवाची केवढी थट्टा, की उघड्याला वस्त्र द्या असे सांगणाऱ्या या संताच्या नावावर असे चित्र निघावे, ज्यात एक स्त्री उघडी बसली आहे आणि तो तिच्याकडे न पाहता रांगत आहे! कथाकाराने त्याच्यावर अन्याय केला. परंतु चित्रकाराने ती स्त्री पुढे आणून बसविली आणि, जाणूनबुजून असो वा नकळत, क्रिसोस्तोमचेच प्रवचन तांब्यावर कोरले.

म्हणून आमचा अभिप्राय असा. चरित्र म्हणून हे चित्र त्याज्य आहे. त्यावरून कोणी सुवर्णमुख संताविषयी मत बनवू नये. कारागिरी म्हणून ते पंचविशीतील एका सोनाराच्या मुलाचा असामान्य हात दाखविते, आणि त्याबरोबरच देह कोरण्याच्या हौसेपायी संताला हरवून बसण्याचा तारुण्यसुलभ दोषही दाखविते. पण प्रायश्चित्ताचे चित्र म्हणून, जेरोम व उधळ्या पुत्र यांच्या अधिक सुघड चित्रांपेक्षाही, आम्ही ते वर ठेवू. ती दोन चित्रे पापी मनुष्याला त्याचे स्वतःचे दुःख दाखवितात. हे एकच चित्र त्याला त्याच्या पापाने झालेले दुसऱ्याचे दुःख दाखविते.

व्हरांड्यातील त्या बाईंचे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही त्या गृहस्थाला बोलावून घेतले. यात्रेबद्दल एक शब्द काढला नाही. मुलीची शाळा पुन्हा कशी सुरू होईल, एवढेच विचारले. तो बराच वेळ गप्प बसला. नंतर त्याने रात्रपाळीचे काम धरले, आणि जूनमध्ये मुलगी दोन वर्षे मागच्या वर्गात बसली. पत्नीची क्षमा त्याने मागितली की नाही आणि तिने ती दिली की नाही, हे आम्ही विचारले नाही. तो त्या दोघांचा प्रश्न. इतके मात्र ठाऊक आहे, की पुढच्या सप्टेंबरात ते मोतमाऊलीला गेले तेव्हा तिघेही गेले, आणि पायांत चपला घालून गेले.

यंदा १३ सप्टेंबरला आम्ही सकाळच्या ख्रिस्तयागात संत जॉन क्रिसोस्तोमचे नाव घेऊ, तेव्हा त्याची आई अँथुसा हिचेही नाव घेणार आहोत. त्याच्या कोणत्याही प्रसिद्ध चित्रात ती नाही. तिला जागा करून देणे एवढे तरी आमच्या हाती आहे.